हुशार मुलाचे आत्मकथन आणि 'ढ' मुलाची आई

दलित आत्मकथनांच्या समीक्षेने आजवर वेदनेचा, विद्रोहाचा आणि बोलीचा पुष्कळ विचार केला. 'हे वाङ्मय की समाजशास्त्राची कच्ची सामग्री' हा वांझोटा वादही प्रस्थापित समीक्षकांनी मनसोक्त घालून घेतला. परंतु या पुस्तकांत शाळा जवळजवळ सर्वत्र आहे आणि त्या शाळेने मुलांची एक निवड केलेली आहे, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) ही सर्व पुस्तके शाळेचा उंबरठा ओलांडून आत गेलेल्या आणि शेवटपर्यंत टिकलेल्या माणसांची आहेत. टिकली नसती तर पुस्तकेच झाली नसती. हे विधान कोणाला बाळबोध वाटेल. परंतु त्यातून जे निष्पन्न होते ते बाळबोध नाही. आपले सर्वांत सामर्थ्यशाली गद्य हे वर्गातल्या हुशार मुलाने लिहिलेले गद्य आहे आणि त्याच्या शेजारी गोणपाटावर बसलेल्या दुसऱ्या मुलाचे काय झाले, हे त्या गद्याला क्वचितच ठाऊक आहे.

हा विचार मला ग्रंथालयात सुचला, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी येथे एका बैठकीत मी या पुस्तकांवर बोललो होतो. माझे बोलणे नेहमीचे होते : आत्मभान, नकार, व्यवस्थेशी झगडा. ते संपल्यावर मागे बसलेली एक बाई उभी राहिली. ती म्हणाली, "सर, ह्या पुस्तकातली समदी लेकरं हुशारच कशी? आमचं लेकरू दुसरीत हाय. बाई म्हनत्यात त्ये अजून 'अक्षरात'च हाय. मंग त्येच्यावर कोन लिहिणार?" सभेत हशा पिकला. बाई मात्र हसली नाही. आणि मग, जणू कोणीतरी दार उघडून दिल्याप्रमाणे, इतर आईबाप विचारू लागले. लेकरू कोणत्या गटात बसते हे आम्हाला कोण सांगणार? गट ठरवतो कोण? एकदा 'अक्षरात' गेलेले लेकरू 'गोष्टी'त कधी येते? आणि एका म्हाताऱ्याने अगदी हळू आवाजात विचारले, "आपल्या वस्तीतली समदी एकाच गटात हायेत का, त्ये बघितलं का कुनी?"

एक पदवीधर तरुण कार्यकर्ता त्यांना थांबवू लागला. हे शाळेत विचारायचे प्रश्न आहेत, साहित्याच्या बैठकीत नव्हेत, असे त्याचे म्हणणे पडले. मला ते पटले नाही. आपल्या साहित्याने ज्या जागेला प्रश्न विचारला तीच ही जागा आहे. फरक इतकाच की प्रश्न या वेळी लेखकाच्या तोंडून आलेला नव्हता.

प्रथम हे 'गट' म्हणजे काय ते समजून घ्यावे लागेल, कारण आपल्यातील पुष्कळ सुशिक्षितांनाही ते नीट ठाऊक नसते. जुन्या शाळेत वर्ग होता, आणि मोठ्या शाळेत तुकड्या होत्या. 'अ' तुकडीत गुण मिळवणारी मुले आणि 'क' किंवा 'ड' तुकडीत बाकीची, हा प्रकार मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. आजची पद्धत निराळी आहे. १९९० च्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने मुलाची वाचनपातळी काही मिनिटांत पाहण्याचे एक साधे साधन रूढ केले. अक्षर, शब्द, सोपा उतारा, गोष्ट अशा पायऱ्या. ज्याला अक्षरही येत नाही तो 'प्रारंभिक'. २००५ पासून 'असर' हे सर्वेक्षण खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन याच पायऱ्यांवर मुलांना तपासत आले आहे. पाचवीतल्या मुलांपैकी पुष्कळांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे त्यामुळे उघडे पडले आणि सरकारलाही ते नाकारता येईना. मग विचार असा निघाला की वयाने वर्ग करण्याऐवजी दिवसातला काही वेळ मुलांना पातळीप्रमाणे बसवावे, जिथे मूल आहे तिथून शिकवावे, आणि पुढे गेले की गट बदलावा. मुळात ही योजना तिसरी ते पाचवीच्या मागे पडलेल्या मुलांसाठी होती. पुढे जून २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम काढला, आणि 'प्रगत' म्हटले की 'अप्रगत' हा शब्द मागोमाग आलाच. २०२१ मध्ये केंद्राचे 'निपुण भारत' आले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचता आणि साधे गणित करता आले पाहिजे, हे त्याचे उद्दिष्ट. उद्दिष्ट तिसरीचे ठरले की मोजमाप पहिलीतच सुरू होते. आष्टीच्या त्या बाईचे लेकरू 'अक्षरात' गेले ते या मार्गाने.

या योजनेमागचा हेतू मी वाईट मानीत नाही. उलट, वर्गात पुढच्या चार मुलांकडे पाहून पाठ उरकणाऱ्या आणि उरलेल्यांना 'मठ्ठ' म्हणून सोडून देणाऱ्या जुन्या गुरुजीपेक्षा ती कितीतरी माणुसकीची आहे. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापुढे उताराच धरून ठेवणे हाही एक प्रकारचा बहिष्कारच होता. तो फार वर्षे चालला, आणि सर्वांत जास्त कोणाच्या वाट्याला आला हे सांगायला नको.

तरीही त्या म्हाताऱ्याचा प्रश्न उरतोच. आणि तो का उरतो हे ज्याला कळत नाही त्याला मराठी भाषाही नीट कळलेली नाही, असे मी म्हणेन. 'मुलगा कोणत्या गटात बसतो' या वाक्यातला 'बसतो' हा शब्द इतरांच्या घरी अलंकारासारखा असेल. आपल्याकडे तो शब्दशः आहे. आपल्या लोकांना शाळेत *बसण्याचा* इतिहास आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हेच मांडले की महार-मांगांच्या मुलांना वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू दिले जात नाही, आणि म्हणून ती शाळेबाहेर राहतात. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब स्वतः सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालालाही शाळांतील वेगळ्या बैठकीची दखल घ्यावी लागली. आष्टीकडचा भाग तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. म्हणजे मराठी बोलणारे गरिबाचे पोर शाळेत पाऊल टाकण्याआधीच एका गटात जमा झालेले. कुठे बसवले यावरून आपली किंमत काय ठरली हे ज्या समाजाने तीन-चार पिढ्या ओळखले, त्या समाजाच्या आईबापांनी 'लेकरू कुठे बसते' असे विचारले तर त्याला 'पालकांची फुकाची उत्सुकता' म्हणून झटकून टाकता येणार नाही. ही उत्सुकता म्हणजे अनुभवाने शिकवलेली सावधगिरी आहे.

ही सावधगिरी निराधार नाही, याला बाहेरच्या जगाचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या काळ्या साहित्याशी आपल्या चळवळीचे नाते जुने. परंतु काळ्यांच्या शाळांवरचा एक अभ्यास आपल्याकडे फारसा वाचला गेला नाही. रे रिस्ट या समाजशास्त्रज्ञाने सेंट लुईस शहरातील काळ्या वस्तीच्या एका शाळेत एका वर्गाला बालवर्गापासून दुसरीपर्यंत न्याहाळले आणि १९७० मध्ये ते प्रसिद्ध केले. बालवर्गाच्या आठव्या दिवशी शिक्षिकेने मुलांना तीन टेबलांवर कायमचे बसवले. कोणतीही परीक्षा घेतलेली नव्हती. पहिल्या टेबलावर नीटनेटक्या कपड्यांची, शिक्षिकेच्या भाषेत बोलणारी, बऱ्या घरची मुले. तिसऱ्यावर मळक्या कपड्यांची. शिक्षिका पहिल्या टेबलाकडे तोंड करून शिकवी. दुसरीत पोचेपर्यंत बसण्याची ही उतरंड तशीच टिकली, आणि दुसरीच्या गटांना तर नावेही मिळाली : वाघ, कार्डिनल पक्षी आणि तिसऱ्यांना 'विदूषक'. यातला सर्वांत जिव्हारी लागणारा तपशील असा की शिक्षिकाही काळीच होती. म्हणजे आपला माणूस खुर्चीवर बसला की प्रश्न सुटतो, हा भाबडेपणा तिथेच संपतो. आपल्याही साहित्यात हजेरीपट हाती घेतलेली माणसे आहेत. शांताबाई कांबळे शिक्षिका होत्या, माधव कोंडविलकरांचे 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' (१९७९) ही प्राथमिक शिक्षकाची रोजनिशी आहे. ही पुस्तके आपण शिक्षकाने सोसलेल्या अपमानासाठी वाचली, आणि ते योग्यच होते. पण खुर्चीवरून पलीकडे पाहताना मुले कशी दिसतात, या अंगाने ती पुन्हा वाचायला हवीत.

दुसरा पुरावा आपल्याच देशातला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात जाहीर नव्हती तेव्हा दोन्हीकडच्या मुलांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मुलांचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. बुद्धी तीच, मुले तीच. घोषणा तेवढी नवी. आता 'अप्रगत' हा शब्द वर्गात मोठ्याने उच्चारला जातो तेव्हा तो शब्द नुसती पातळी सांगतो की आणखी काही जाहीर करतो, याचा विचार संबंधितांनी करावा.

परंतु मी एकाच बाजूचा पुरावा देऊन मोकळा होणार नाही. पश्चिम केनियात १२१ प्राथमिक शाळांत पहिलीच्या वर्गाचे दोन भाग केले गेले. निम्म्या शाळांत सुरुवातीच्या गुणांप्रमाणे वरचे आणि खालचे, उरलेल्या शाळांत चिठ्ठी टाकल्याप्रमाणे. एस्थर डुफ्लो, पास्कलीन दुपा आणि मायकेल क्रेमर यांनी २०११ मध्ये मांडलेला निष्कर्ष आपल्यातल्या पुष्कळांना रुचणार नाही. गुणांप्रमाणे विभागलेल्या शाळांत वरच्या मुलांचा फायदा झालाच, पण खालच्या मुलांचाही झाला. तेव्हा 'गट म्हणजेच जात' अशी घोषणा देऊन आपल्याला सुटता येत नाही. मग सेंट लुईसमध्ये जे घडले ते केनियात का घडले नाही? माझ्या मते फरक दोन गोष्टींत आहे. केनियात कोण कुठे बसणार हे गुणांनी ठरले, कपड्यांनी नव्हे. आणि खालच्या भागाला स्वतःचा पूर्ण वेळ शिक्षक होता, ज्याला तोंड वळवायला दुसरे टेबलच नव्हते. गटाने मुलाचे भले होते की वाटोळे, हे गटाच्या नावावरून कळत नाही. शिक्षकाचा वेळ कोणाला मिळतो आणि मूल त्या गटातून बाहेर पडते का, यावरून कळते. आष्टीच्या आईबापांनी नेमके हेच विचारले होते, एकही इंग्रजी ग्रंथ न वाचता.

आणि इथेच आपल्या शाळांची खरी अडचण सुरू होते. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. वर्ग चार किंवा पाच, पातळ्या पाच. दोन माणसांनी त्यात कोणाकडे तोंड करायचे? त्यात निवडणुकीची, सर्वेक्षणाची, माहिती भरण्याची कामे. गट कागदावर हलतात, फळ्याजवळ तेच राहतात. शिवाय बाजारपेठेच्या गावात आणखी एक गट आधीच पाडलेला असतो. ज्याला परवडते त्याचे मूल पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जाते, त्याच्या खालचे 'सेमी'त, आणि जिल्हा परिषदेच्या मराठी वर्गात जे उरते त्याचे पुन्हा गट. चाळलेल्या धान्याला दुसऱ्यांदा चाळणी.

मराठवाड्यातील या पट्ट्यातून दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला जातात. कोयत्याबरोबर लेकरेही जातात, आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण सहा-सात वर्षांचे लेकरू मागे ठेवायला आईचे मन धजत नाही. हे मूल परत येते तेव्हा चाचणीत 'अक्षर' ठरते. त्या चाचणीने काय मोजले? मुलाची कुवत? की उसाच्या फडात काढलेले चार-पाच महिने? कागदावर मात्र 'पातळी' हा एकच शब्द लिहिला जातो, आणि पुढच्या वर्षीच्या बाई तो शब्द मुलाच्या कपाळावर वाचतात. मूल कितव्या दिवशी शाळेत होते हा आकडा पातळीच्या रकान्याशेजारीच लिहायला हवा. एवढी साधी गोष्ट कुठल्याच परिपत्रकाला अवघड जाऊ नये.

आता पुन्हा पुस्तकांकडे वळतो. आपल्या आत्मकथनांत 'हुशारी' हा शब्द कसा येतो? बहुधा तो जन्मजात देणगीसारखा येतो. कोणी गुरुजी ती ओळखतो, किंवा बाप हट्टाने पोराला शाळेत घालतो, आणि तिथून माणूस वाट काढतो. 'आठवणींचे पक्षी'मधला बहिणीच्या घरी वाढलेला पोरका मुलगा, 'अंतःस्फोट'मधली संस्कृतचा ध्यास घेतलेली मुलगी, यांची जिद्द कोणीही कमी लेखणार नाही. मी तर नाहीच. पण या कहाण्यांची एक किंमत आपण मोजली. गुणवत्तेचे ढोल वाजवणाऱ्या प्रस्थापितांनी हीच पुस्तके हाती धरून म्हटले : पाहा, गुणी होता तो वर आलाच की! आणि आपल्यातल्या शिकलेल्यांनीही ते मनातल्या मनात मान्य केले. वर आलेल्या दलित मध्यमवर्गाने 'मी हुशार होतो' ही गोष्ट घरात मुलांना इतक्यांदा सांगितली की वस्तीत राहिलेले 'हुशार नव्हते', हा तिचा उत्तरार्ध न बोलताच सिद्ध झाला. आष्टीच्या सभेतला तो हशा मला या उत्तरार्धाचाच वाटला.

बाबासाहेबांच्या चरित्रातला एक तपशील या संदर्भात आठवावा. १९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. धनंजय कीरांच्या चरित्रात गुण दिले आहेत : ७५० पैकी २८२. शेकडा अडतीसही भरत नाहीत. आजच्या कोणत्याही तुकडीकरणात हा विद्यार्थी 'अ'मध्ये बसला नसता. त्याच शाळेत त्यांना फळ्यापाशी बोलावले तेव्हा फळ्यामागचे डबे बाटतील म्हणून मुलांनी धावत जाऊन ते उचलले होते, आणि संस्कृतची दारे बंद म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली होती. ही परिस्थिती २८२ या आकड्यात कुठे लिहिलेली नाही. पण त्यांच्या लोकांनी काय केले? मॅट्रिक झाला म्हणून सत्काराची सभा भरवली. किती गुण, कितवा नंबर, असे त्या सभेने विचारले नाही. त्याच सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, आणि पुढे बडोद्याच्या महाराजांच्या मदतीचा मार्गही केळुसकरांमुळेच खुला झाला. सहा वर्षांनी तो 'अडतीस टक्क्यांचा' विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात होता. मोजमापाने नव्हे, मोजमाप बाजूला ठेवून पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसांमुळे.

आणि एक पुस्तक असे आहे जे माझ्या वरच्या विधानाला छेद देते. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६). बेबीताईंचे शिक्षण चौथीपर्यंत. लहानपणी लग्न, मग फलटणला छोटेसे दुकान, आणि त्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून केलेले लेखन. शाळेच्या कोणत्याही चाळणीने त्यांना वर काढलेले नव्हते. म्हणूनच की काय, त्या पुस्तकात 'मी' कमी आणि 'आम्ही' जास्त. 'आमुचं' हा शब्द शीर्षकातच आहे. हुशार मुलाच्या आत्मकथनात वस्ती ही मागे सोडायची जागा होते. बेबीताईंच्या पुस्तकात ती पुस्तकाचा कर्ता होते. आपल्या समीक्षेने त्यांना 'स्त्रीचे अनुभव' या एका कप्प्यात ठेवले. हाही एक गटच म्हणायचा.

राहता राहिला कायद्याचा मुद्दा. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ चे कलम २४ शिक्षकाची कर्तव्ये सांगते. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे एक. आणि पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणे हे दुसरे. पहिले कर्तव्य परिपत्रकांत ठळक छापले जाते. दुसरे त्याच कलमात, त्याच्या लगेच खाली असूनही कोणाच्या लक्षात नसते. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, आणि त्यांत दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. आष्टीत मी हे सांगितले तेव्हा त्या म्हाताऱ्याने विचारले की मग वस्तीतली किती लेकरे कोणत्या गटात, हा कागद मागता येईल का. मी म्हटले, येईल. मुलांची नावे न घेता मागा, नाहीतर आपणच लेकरांची नावे चव्हाट्यावर वाचल्यासारखे होईल. जूनमध्ये किती 'प्रारंभिक' आणि 'अक्षर'मध्ये होती, मार्चमध्ये त्यांतली किती पुढे गेली, आणि मधल्या काळात किती महिने गैरहजर होती, एवढे पुरे.

आपल्या नियतकालिकांनीही आपल्या बाजूने काही करायला हवे. दुसरी-तिसरीतच शाळा सुटलेली, 'ढ' म्हणून मागे बसवलेली माणसे प्रत्येक वस्तीत आहेत. काही आज ऊसतोडीच्या टोळीत मुकादमाच्या वहीवर अंगठा उठवतात, काही औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बांधकामावर आहेत. ती लिहिणार नाहीत, पण सांगतील. कोणीतरी समोर बसून ते शब्दाला शब्द उतरवून घेतले पाहिजे, भाषेवर इस्त्री न फिरवता. आष्टीच्या त्या पदवीधर कार्यकर्त्याला मी हेच काम सुचवले आहे. सुरुवात त्याने स्वतःच्या थोरल्या भावापासून करावी, असे मी त्याला म्हटले. तो तिसरीत सुटला होता. त्यावर तो काही बोलला नाही. वही मात्र घेऊन गेला.